सोमवारच्या मुली

शनिवारी सकाळी चर्चमागच्या खोलीत पापकबुलीची उजळणी चालली होती. आठ दिवसांनी चौदा मुलींना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता. एकेक जण सिस्टरांपुढे गुडघे टेकायची आणि सरावापुरतं काहीतरी कबूल करायची.

"मी साखर खाल्ली अन् नाव मांजराचं सांगितलं."

सगळ्या खिदळल्या. सिस्टरही ओठांत हसल्या.

मग भिंगरी आली. लॉंड्रीतल्या इस्त्रीवालीची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलेलं. पण सगळे धडे तोंडपाठ.

"माझा जन्म झाला," ती म्हणाली.

"अगं, पाप सांग, पाप!"

"तेच सांगतेय ना. खूप शोधलं, सिस्टर, दुसरं एवढं मोठं सापडतच नाही. काहीतरी केलं असणारच मी. नाहीतर मला सोमवारी का ठेवलं असतं?"

या वेळी कुणी हसलं नाही.

पद्धत जुनी होती. आईबापांचं लग्न झालेल्या मुली रविवारी, पांढऱ्या झग्यात, भरल्या चर्चसमोर वेदीपाशी जायच्या. जिच्या आईचं लग्नच झालेलं नाही, ती सोमवारी, बाजूच्या दाराने, रोजच्या कपड्यांत. दोन्ही याद्या सिस्टर वीस वर्षं स्वतः लिहीत आल्या होत्या. आपण प्रार्थना शिकवायच्या, बाकीचं फादर बघतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी त्यांची जपमाळ तीनदा चुकली. शेवटी जेवणाचं ताट सरकवून त्या तडक लॉंड्रीत गेल्या.

वाफेने भरलेल्या खोलीत दोरीवर तेरा पांढरे झगे टांगले होते. इस्त्रीवाली चौदाव्या मुलीची आई. चुण्या सारख्या करता करता तिने वर पाहिलं.

"अगोबाई, सिस्टर! एखादा झगा जळला की काय माझ्या हातून?"

"नाही गं. भिंगरीला मी रविवारी उभं करणार आहे."

तिची इस्त्री थांबली. "नको हो. उगाच लोक टकामका बघतील. अन् सोमवार काय वाईट? पटकन उरकतं. माझं नाही का सोमवारीच झालं? तुम्हीच तर लिहिलं होतंत माझं नाव. काय सुरेख अक्षर तुमचं!"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सिस्टरांना सोसला असता.

"चुकले गं मी," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुझ्या बाबतीत चुकले. आता पोरीच्या बाबतीत नको चुकायला." आणि सकाळी उजळणीत जे घडलं ते सांगितलं.

इस्त्रीवालीने दोरीवरच्या झग्यांकडे पाहिलं. "एक जुनी चादर आहे घरी," ती म्हणाली. "मधोमध विरलीय. पण कडेचं कापड चांगलं आहे."

शुक्रवारी फादरांनी विचारलं, "सिस्टर, दुसरी यादी कुठंय?"

"एकच आहे, फादर."

फादर मवाळ माणूस. "पद्धत आहे हो. माझ्या आधीपासूनची."

"मुलगी स्वतःच्या जन्माची कबुली देतेय, फादर. तिला कसली क्षमा देणार तुम्ही?"

फादरांनी कागद उलटसुलट केला. "पुढच्या बाकांवरच्या बायका तुमचा वर्ग काढून घ्यायला लावतील मला."

"लावू देत. दुसरी यादी माझ्या हातून व्हायची नाही."

रविवारी मुली उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या. भिंगरी तिसरी. चादरीचा झगा जरा आखूड होता. पुढच्या बाकांवर कुजबुज झाली, आणि तीन बाया ताडकन उठल्या. ओळीतून आपापल्या मुलींचे दंड धरून त्यांनी त्यांना बाहेर नेलं. एक पोर जाताना मागे वळून रडत होती.

उरल्या अकराजणी. फादर भिंगरीपुढे आले आणि थांबले. डोळे मिटून, तोंड उघडून ती शिकवल्याप्रमाणे स्तब्ध उभी होती. फादरांनी एकदा रिकाम्या बाकांकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. आणि प्रसाद तिच्या जिभेवर ठेवला.

सिस्टरांचा वर्ग महिन्याभरात गेला. आता त्या दुपारच्या सुट्टीत लॉंड्रीत प्रार्थना शिकवतात, जी येईल तिला.

राहता राहिल्या ओळीतून ओढून नेलेल्या त्या तिघी. घरी गेल्यावर त्यांनी विचारलंच असेल, "आई, तिने काय केलं होतं?"

त्या आयांनी काय उत्तर दिलं असेल? आपण काय दिलं असतं?