लाल फळांची गुळवेल

"ही गुळवेल आम्हांला रानात सहज आढळली." प्राध्यापक सोमेश्वरांच्या लेखातलं हे वाक्य नात आकांक्षानं वाचून दाखवलं, आणि वाटूरच्या चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

सहज? वेल तोडायच्या आदल्या दिवशी तिला हळदकुंकू वाहून बाईनं तिची परवानगी मागितली होती. मग या माणसाला कोसभर उन्हात आडवाटांनी चालवत एका बांधावरच्या कडुलिंबापाशी नेलं होतं. तिच्याच वेलीच्या अर्कानं प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडल्या होत्या, अन् हार पडले ते सरांच्या गळ्यात. बाईचं नाव लेखात कुठंच नव्हतं.

दिवाळीनंतर सर पुन्हा आले. मोठ्या साहेबांसमोर तोच प्रयोग करून दाखवायचा होता. "मावशी, तीच वेल द्या."

बाईनं हसतमुखानं अंगठ्याएवढी जाड वेल कापून दिली. गुळवेलच होती, पण नर, कधीच न फळणारी. औषधाला लाल फळं धरणारी मादी वेलच घ्यायची, हे बाईला सासूनं शिकवलं होतं. सर पेशींचे जाणकार. त्यांना हे विचारावंसंही वाटलं नाही.

पंधरा दिवसांत सर धापा टाकत दारात हजर. "मावशी, साहेबांपुढं पार फजिती झाली! पेशी ढिम्म हलल्या नाहीत. ती पहिली वेल कुठंय?"

चतुराबाईनं तव्यावरची भाकर उलटली. वर न बघताच म्हणाली, "रानातच हाय की, सर. जा, आढळंल तुम्हाला सहज."