सीटखालची बॅट

मी बेसबॉलची बॅट बोलतेय. हसू नका. पुण्यात बेसबॉल खेळतं कोण, असंच विचारणार ना? मीही तेच विचारत होते.

कारखान्यात मला तासलं, घासलं, चकचकीत केलं, तेव्हा वाटलं होतं, आता मैदान! पोचले कुठे, तर कोथरूडच्या एका सीटकव्हरच्या दुकानात. तिथे बॉल नव्हताच, आणि कुणी मागितलाही नाही. विश्वजीत नावाच्या गृहस्थाने मला हातात तोललं आणि म्हणाला, "गाडीत असावी एक. लोक कसे असतात, माहितीये ना."

तीन वर्षं मी ड्रायव्हरच्या सीटखाली काढली. धूळ आणि शेंगदाण्याची टरफलं. करमणूक एकच, मागच्या सीटवरची. विश्वजीतची नऊ वर्षांची लेक अवनी आणि तिचा मित्र सलिल शाळेत जाता-येता एकच वाद घालायचे. त्यांच्या कार्टूनमध्ये प्राणी बेसबॉल खेळत. त्यातला सगळ्यात भारी खेळाडू कोण?

"हत्ती! सोंडेने मारला की बॉल थेट सिंहगडावर," अवनी म्हणायची.

"आणि पळणार कोण? तुझा हत्ती पोचेपर्यंत कांगारू घरी जाऊन जेवून येईल."

"कांगारू चीटर आहे. पोटाच्या पिशवीत कॅच घेतो!"

"पिशवी त्याचीच आहे ना? मग?"

"बाबा, तुम्ही सांगा. तो कॅच धरायचा का?"

"गप्प बसा रे, गाडी चालवतोय."

एका शनिवारी सिग्नलला हाच वाद रंगला होता. तेवढ्यात खाड्कन आवाज झाला. एका स्कूटरचा धक्का लागून गाडीचा आरसा फुटला. स्कूटरवर सत्तरीचे एक आजोबा होते. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं.

"ओ काका, दिसत नाही का?" विश्वजीत ओरडला.

"दिसतंय. फुटलाय. तुम्ही ओरडल्याने जोडला जाणार आहे का तो?"

झालं! विश्वजीतचा हात सीटखाली आला. माझ्या मुठीला त्याचा घाम लागला, आणि माझा जीवच गेला. अरे देवा, जन्मात एक चेंडू नाही आणि पहिला फटका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर? विश्वजीत उतरला. मागचे हॉर्न थांबले. त्याने मला वर उचललं. आजोबांनी नुसता हात आडवा धरला. मी लाकूड. मला ना मागे सरता येतं, ना निसटता येतं.

गाडीचं दार उघडलं.

"सलिल, बघ! खरी बेसबॉलची बॅट! आपल्याच गाडीत होती!" अवनी उड्याच मारत होती. "बाबा, तुम्ही खेळता? मला कधी सांगितलंच नाहीत! आजोबांना काय दाखवताय?"

मी अजून हवेतच होते.

आजोबांनी एकदा त्या पोरीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"बॅट कशी धरायची, ते शिकवतायत बाळ मला," ते म्हणाले. "झालं शिकवून. आता खाली ठेवतील."

विश्वजीतने मला खाली घेतलं. "काका... चुकलं माझं."

"माझंही चुकलं, आरसा माझ्यामुळे फुटला." त्यांनी हेल्मेट हँडलवरून काढून डोक्यात घातलं. "हे आता इथेच असू दे. तुमच्यासारखे खेळाडू बरेच असतात रस्त्यावर."

आता मी अवनीच्या खोलीत असते. रविवारी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत टेनिसचा बॉल माझ्यावर आदळतो, तेव्हा अंग कसं झिणझिणतं! हत्ती की कांगारू, ते अजून ठरलेलं नाही.

"बाबा, एकदा तुम्ही मारा ना," अवनी दर वेळी म्हणते.

"नको गं, हात दुखतोय," विश्वजीत म्हणतो आणि माझ्याकडे बघतही नाही. त्याचा हात दुखत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या सीटखाली माझी एखादी बहीण पडून असेल, तर राग येण्याआधीच तिला बाहेर काढा आणि पोरांच्या हाती द्या. बॉल आठवणीने आणा.