पाठीवरचं भोक

मित्रांनो, सर्वेशच्या दुकानात काचेआड कडेला टवका उडालेला एक काळा माईक दिसतो, तो मी. बोटीवरच्या वायरलेसचा जुना माईक. आता मला कुणी बोटीवर नेत नाही. पण एका माणसाचा जीव माझ्या भरवशावर होता आणि मी त्याला वाचवू शकलो नाही. म्हणून हे सांगतो आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो दिवस, ज्या दिवशी खंडू तांडेल दुकानात आला. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान; रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर त्याची मासेमारीची बोट असे. त्याने आधी माझ्याहून देखणा, चकचकीत माईक उचलला आणि 'हॅलो हॅलो' केलं. आवाज छान आला.

"हाच दे," तो म्हणाला.

सर्वेश हसला. "दुकानात कुठलाही माईक गोड बोलतो, खंडूदादा. तुला काय दुकानात बसून मासे धरायचेत?" त्याने दाराबाहेरचा जनरेटर सुरू केला. त्या धडधडीत चकचकीत माईकमधून नुसती घरघर आली. माझ्यातून मात्र खंडूचा शब्द न् शब्द निघाला.

"ह्याच्या पाठीवर बारीक भोक हाय बघ," सर्वेश म्हणाला. "इंजिनाची घरघर पुढनं शिरते, मागनंही शिरते, आणि आत दोघी एकमेकीला अडवतात. उरतो तो तुझा आवाज. तेवढं भोक मोकळं ठेव."

मी निवडला गेलो. मला फार अभिमान वाटला.

घरी खंडूच्या बायकोने, मनिषाने, मला पाटावर ठेवलं. तिचा मंगळवारचा उपास होता. नवी वस्तू देवीला दाखवल्याशिवाय दर्यावर न्यायची नाही, ही त्या घरची रीत. हळद-कुंकू लावताना तिला ते भोक दिसलं. एवढ्याशा वाटेने खारं पाणी आत गेलं तर? भगवतीचा एक स्टिकर तिने जपून ठेवला होता. तो तिने माझ्या पाठीवर, बरोबर त्या भोकावर, अंगठ्याने दाबून बसवला.

खंडू जेवायला आला आणि थबकला. "अगो, तिथं भोक हाय. ते उघडं ठेवायला सांगितलंय."

"मग काय देवीला ओरबाडून काढू?"

खंडूने कडेला नख लावलं, देवीच्या मुखाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी जेटीवर, इंजिन बंद असताना, त्याने शेजारच्या बोटीवरच्या सदूला माझ्यातून हाक मारली. "बोंबलू नको रे, कान फुटले माझे!" सदू ओरडला. दोघे हसले. भोकाचा विषय तिथेच संपला. आधीच्या माईकमुळे खंडूला इंजिन बंद करून बोलायची सवय लागली होती. ती सुटली नाही, म्हणून माझं दुखणंही कुणाला कळलं नाही.

नवरात्र सरल्यावर एका दुपारी पाण्यातल्या ओंडक्यावर आपटून बोटीची तळाची फळी फुटली.

"सदू, पाणी भरतंय! जयगडसमोर हाय मी!"

"कोण बोलतंय? नुसती घरघर येते. इंजिन बंद कर नि बोल!"

पण पाणी उपसणारा पंप इंजिनावरच चालत होता. बंद केलं असतं तर भिजलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं नसतं. त्या घाईत खंडूला माझ्या पाठीवरच्या स्टिकरची आठवणच झाली नाही; तो ओरडत राहिला, सदू विचारत राहिला. शेवटी इंजिन आपोआप थांबलं, तेव्हा बॅटरीही पाण्याखाली गेली होती आणि वायरलेस मुका झाला होता.

तिसऱ्या दिवशी बोट आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या खडकांत मिळाली. दोन खलाशी फळीला धरून वाचले. खंडू सापडला नाही.

केबिनच्या छताशी टांगलेला मी पाण्यावरच राहिलो होतो; सदूने मला उपटून दुकानात आणलं. मनिषा त्याच्याबरोबर होती.

"खोटा माल दिलास!" सदू कडाडला.

सर्वेशने मला उलटं केलं. स्टिकर पाहिला, मग मनिषाकडे पाहिलं. "असेल, सदू," तो हळूच म्हणाला. "माल खराब निघतो कधी कधी."

त्याने स्टिकरवर अंगठा ठेवून तो झाकला. मनिषाच्या ते ध्यानात आलं.

"दादा, मला जपू नका. खरं काय ते सांगा."

सर्वेशने अंगठा बाजूला केला. मग तिनेच पदर भिजवून देवीला हलकेच सोडवलं, कपाळाला लावलं. "आता दाराबाहेरचं ते मशीन सुरू करा नि ह्यातून बोला."

जनरेटर धडधडला. सर्वेशने मला तोंडाशी धरलं. "मनिषावहिनी," एवढंच तो बोलला. समोरच्या सेटमधून ते नाव स्वच्छ ऐकू आलं.

मनिषाने मला हातात घेतलं. "म्हणजे ते हाका मारत होते, आणि मी त्यांचं तोंड दाबून धरलं होतं."

"वहिनी, मी कुणाला सांगणार नाही," सदू म्हणाला.

"नको भावजी. जेटीवर सगळ्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सात तांडेल आपापले माईक घेऊन आले. सातही माईकांच्या पाठीवरची भोकं स्टिकरांनी नाहीतर टेपने बुजलेली होती.

मित्रांनो, वस्तू निवडताना ती जिथे वापरायची आहे, तिथल्या गोंगाटात पारखून घ्या. आणि तिला जपण्याआधी ती कशी चालते ते विचारा. देव भिंतीवरूनही आपल्याकडे पाहतो.

खंडूचे शेवटचे शब्द फक्त मी ऐकले आहेत. ते मनिषासाठी होते. पोचवायचं काम माझं होतं. ते राहून गेलं.