गाऱ्हाण्याला लागलेला कान

देवीच्या सभामंडपात मुंगीला शिरायला वाट नव्हती. सणाला आलेले मुंबईकरसुद्धा रजा वाढवून बसले होते. घाटावरून आलेले अंतर्ज्ञानी महाराज डोळे मिटायचे, की कोणाचं तरी गुपित उघड्यावर पडायचं.

"बाळा, तुझी बायको माहेरी गेली ती भांडून! देवीला सारं दिसतं!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी गरजली. गाऱ्हाण्याला अशी साथ द्यायची सवय. समोर कोण आहे हे कोण बघतो?

महाराज सुशीलेकडे वळले. "माडांची बाग जेटीला द्यायची नाही म्हणून कोर्टात जातेस? देवी कोपेल. बाग देण्याच्या कागदावर सही कर."

सुशीलेने देवीकडे वळून बघितलं. कोर्टाचं तिने मुलींनाही सांगितलं नव्हतं. फक्त देवीपुढे गाऱ्हाणं घातलं होतं, तेही मोठ्याने, कारण पुटपुटलेलं गाऱ्हाणं देवीला पोचत नाही अशी गावाची समजूत. त्या बागेवर तिने दोन मुली वाढवल्या होत्या. पण देवीच नको म्हणत असेल तर?

"उद्या सही करतलंय," ती शेजारच्या दीपिकाला म्हणाली. दीपिका हायस्कुलात विज्ञान शिकवायची.

"थांब गो काकी. आधी एक खोटां गाऱ्हाणां घाल."

"देवीक फसवू?"

"देवी तुका वळाखता. तो म्हाराज वळाखता काय, ता बघूया."

सुशीलेने देवीपुढे कान धरून माफी मागितली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आई, माझो झील शंकर दुबयच्या तुरुंगात आसा. सोडव त्याका."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी डोळे मिटले. "सुशीले, तुझा शंकर परदेशी तुरुंगात तळमळतोय! इकडे सही, तिकडे सुटका!"

"व्हय म्हा..." मंडप मध्येच अडखळला. मग मागे कोणीतरी फिसकलं. सुशीलेला मुलगा नाही हे गावातली कुत्रीसुद्धा जाणतात.

"मेल्या, माका झील खंयचो?" सुशीला उठली. "माझी बाळंतपणां देवीन बघल्यान. तू खंय होतस?"

बायको माहेरी गेलेल्या त्या बाळाने महाराजांचं आसन उचललं. खाली मोबाईल. बटण दाबताच सुशीलेचाच आवाज: "आई, माझो झील शंकर..." पडद्यावर नाव सागरनेत्र कंपनीचं. जेटी बांधणार तीच.

दीपिकाने गाभाऱ्याजवळच्या खांबाकडे बोट केलं. तिथे 'ग्रामसुरक्षा' कॅमेरा होता. बसवला सरकारने, चालवायची हीच कंपनी. त्याच्या पोटाला बारीक जाळी होती, आवाज टिपणारी. कॅमेरा लागला त्या दिवशी सुशीलेनेच त्याच्यापुढे नारळ फोडला होता.

गोंधळात महाराज पसार झाले. सुशीला तक्रार घेऊन सरकारी कचेरीत गेली. साहेब ओळखीचे, कॅमेऱ्याच्या उद्घाटनाला आले तेव्हा तिच्या घरी घावणे खाऊन गेलेले.

"तो बुवा आमचा नाही हो मावशी. आवाज कंपनीकडे असतात, आम्ही फक्त परवानगी दिली. तुमच्याच सुरक्षेसाठी. चहा घ्या." मग अगदी मायेने म्हणाले, "आणि त्या कुडाळच्या वकीलबाईंच्या नादी लागू नका."

सुशीलेने कप खाली ठेवला. वकीलबाईंचं नाव महाराजाने काढलंच नव्हतं. ते तिने एकट्या देवीला सांगितलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "तो महाराज परवडला. तो देवीच्या नावाने फसवत होता. तुम्ही आमच्या सुरक्षेच्या नावाने फसवलंत."

आणि ती तडक कुडाळच्या एसटीत बसली.

मंडळी, तुमच्या मनातलं कोणी घडाघडा बोलून दाखवलं, तर पाया पडण्याआधी विचारा: याला सांगितलं कोणी? तुमच्या रक्षणासाठी कोणी फुकट डोळा बसवला, तर नारळ फोडण्याआधी विचारा: याला कानही आहे का, आणि ऐकतंय कोण? असं विचारल्याने कुठलीही देवी कोपत नाही.