खोगीर सरकलं म्हणे

मित्रांनो, घोडीच्या पाठीवर आणि माणसाच्या बुडाखाली जे असतं, त्याला खोगीर म्हणतात. मी त्यातलंच एक, आता बरंच जुनं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका कारागिराने मला शिवलं, आत लोकर ठासली आणि कळसाडीच्या अमृतदादांना विकलं. त्यांच्या घोडीबरोबर मी पुष्कळ शर्यती जिंकल्या. हार घोडीला मिळायचा, फेटा स्वाराला मिळायचा, मला घाम मिळायचा. तक्रार नाही. चामड्याला फेटा शोभत नाही.

पण यंदाचं ऐका. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या शेतात शर्यत ठरली. आमची घोडी आणि अमृतदादांचे मेहुणे भिलाभाऊ यांचा पांढरा घोडा. शेजारच्या हिलालने आमच्या घोडीवर पैजेत आपली दुभती म्हैस लावली आणि बांधावर आणून बांधली. समोरून भिलाभाऊंनी मोटारसायकल लावली. म्हशीला कुणी विचारलं नाही. हिलालच्या बायकोलाही नाही.

मग कळलं, घोडीवर जावई बसणार. भाग्येशराव पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या ऑफिसात असतात. सकाळी सासुरवाडीला आले आणि म्हणाले, "आज मीच बसतो." आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची रीत नाही. ते विहिरीत उडी मारतो म्हणाले असते, तर अमृतदादांनी टॉवेल आणला असता.

हिलाल कुजबुजला, "दादा, यास्ले बसता येस का?"

"लगीनमा बसेल व्हतात," अमृतदादा म्हणाले.

सुरुवात झकास झाली. घोडी पुढे होती. भाग्येशराव माझ्यावर पोत्यासारखे बसले होते. पण पोतंसुद्धा मुक्कामी पोहोचतं, म्हणून मी आशा सोडली नाही. वळणावर सासूबाई दिसल्या. रावांनी एक हात छातीला लावला. पुढे चुलतसासू दिसल्या. त्यांनी मान लववली. घोडीची चाल मोडली. हिलाल बांधावरून धावत ओरडत होता, "जवाईबापू, रामराम मंग करा. आते घोडी पयाडा."

त्यापुढे खुद्द भिलाभाऊ उभे. म्हणजे मामेसासरे. तिथे एका हाताने भागत नाही. भाग्येशरावांनी लगाम खेचून घोडी थांबवली आणि दोन्ही हात जोडले. "बरे आहात ना मामा?"

"बरं शे," भिलाभाऊ म्हणाले. "घरना काय म्हणतस?"

घरचे काय म्हणतात ते सांगून होईपर्यंत पांढरा घोडा जिंकून पाणी पीत होता.

"खोगीर सरकलं," उतरता उतरता भाग्येशराव म्हणाले. मित्रांनो, मी तसूभरही सरकलं नव्हतं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. जावयाला काही बोलायची सोय नव्हती, म्हणून हिलालने मला लाथ घातली.

भिलाभाऊ म्हशीचं दावं सोडायला वाकले, तेवढ्यात धारेची वेळ झाली म्हणून म्हैस शोधत हिलालची बायको छबूबाई तिथे आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दावं हातात धरून विचारलं, "भाऊ, घोडी कशी हारनी?"

"खोगीर सरकनं."

"मंग ती शर्यत कसानी? खोगीर सरकनं ते शर्यत व्हयनीच नही. आनि सरकनं नही, ते चूक जवाईबापूस्नी. दोन्हीमधलं एक सांगा."

भाग्येशराव शेजारीच बशीत चहा ओतत होते. भिलाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग अमृतदादांकडे, मग बराच वेळ म्हशीकडे.

"खोगीरच," ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

म्हैस वाचली. गुन्हेगार मी ठरलं. खरं काय ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, म्हणूनच कुणी बोलत नाही. आता मी गोठ्याच्या माळ्यावर पडलेलं असतं आणि माझ्यावर कोंबडी बसते. बैठक चांगली आहे तिची.

तेव्हा मित्रांनो, आपल्या खोगिराला तेल लावा, उंदरांपासून जपा, अधूनमधून ऊन दाखवा. हरल्यावर त्याचे पट्टे तपासण्याआधी वर कोण बसलं होतं ते बघा. आणि शर्यतीच्या दिवशी जावई आलेच, तर त्यांना खापरावरचे मांडे वाढा, वर आमरस वाढा, आणि घोडा जिंकून घरी येईपर्यंत पाटावरून उठू देऊ नका.