एक वाढवून

आमच्या तांड्यावरच्या शाळेत पहिली-दुसरीची मिळून चोवीस मुलं. टॅब आले बारा. मी दोनदा मोजले, खोक्याच्या तळाशी हात घालून पाहिला. वैजयंती मॅडम हसल्या.

"बाराच आहेत सर. मुद्दाम."

त्या वाशिमहून स्कूटीवर येत. टॅबवरच्या खेळांनी लहान मुलांना गणित येतं का, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या त्या परीक्षक. सगळ्यांनाच टॅब दिले तर फरक कळणार कसा, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं. शेतकरीही अर्ध्या वावरात नवं बियाणं टाकून पाहतोच.

चिठ्ठ्या काढल्या. बारा निळे, बारा पिवळे. निळ्यांना रोज अर्धा तास टॅब, पिवळ्यांना तेवढाच वेळ चित्रांची पुस्तकं. जुलैत एक परीक्षा, दिवाळीआधी दुसरी, मार्चमध्ये शेवटची. वीस प्रश्न, सगळे तोंडी. निळे पुढे गेलेले दिसले तर टॅब आमच्याकडेच राहणार, नाही तर दुसऱ्या गावाला. पिवळ्यांच्या हाती टॅब जाऊ देणार नाही, अशा कागदावर मी सही केली.

पहिलीतली मंजू पिवळ्यात निघाली. तिचा बाप राजपाल दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. आधीची दोन वर्षं मंजूही त्यांच्यासोबत फडावर होती, पाचटावर बसून धाकट्या भावाला सांभाळत. यंदा राजपालची मावशी हिरीबाई आडवी आली आणि पोरगी तिच्याकडे राहिली. टॅबांपायी बाकीच्यांनीही यंदा पोरं तांड्यावरच ठेवली. ट्रकवर चढताना राजपाल मला म्हणाला, "मास्तर, हे टॅबचं शिकणं चालू हाये तवर ठेवतो. टॅब गेले की पोरगीबी आमच्यासंगं. मंग कायले ठेवू?"

मी मान हलवली. पोरगी पिवळ्यात आहे हे त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

शाळेतल्या विजेचा भरवसा महिन्यातले दहा दिवस. म्हणून रोज संध्याकाळी टॅब चार्जिंगला तांड्याचे प्रमुख धरमसिंग नायक यांच्या घरी जात, त्यांच्याकडे सोलर आहे. हिरीबाई ही नायकांची बायको. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. तांड्यात बकरा कापला तर घरटी सारखे वाटे पडतात. नायकाचा तेवढाच आणि एकट्या म्हातारीचाही तेवढाच. ते वाटे हिरीबाईच्या नजरेखाली पडतात. तिच्या ओसरीवर बारा टॅब लागलेले आणि समोर चोवीस पोरं उभी. पुढे काय झालं असेल, ते सांगायला मॅडमची संस्था लागत नाही.

दिवेलागणीला मी एकदा तिकडून गेलो तेव्हा पाहिलं. प्रत्येक टॅबला दोन पोरं. मध्ये एक अगरबत्ती. ती अर्धी जळली की हिरीबाई म्हणे, "सरका," आणि टॅब दुसऱ्या पोराकडे.

"याडी, पिवळ्याईले देऊ नका, असं लिहून दिलंय मी."

"तुमी लिहून देलं, मी नाई देलं. ह्या पोट्ट्याईनं तोंडाकडं पाहत बसावं का?"

मी घरी गेलो. तेव्हापासून रात्री मला नीट झोप नाही. खोटं बोललो असतो तर निदान कशासाठी ते ठाऊक असतं. मी नुसता गप्प होतो.

दिवाळीआधीच्या परीक्षेत निळ्यांची सरासरी वीसपैकी अकरा, पिवळ्यांचीही अकरा. जुलैत दोन्ही गट चारवर होते. मॅडम व्हरांड्यात येरझारा घालत होत्या.

"निळे वाढले ते समजलं सर. पिवळे काय खाऊन वाढले?"

"पुस्तकंही चांगली आहेत तुमची," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई हुशार. पेनचं टोपण तेवढं काढत-घालत राहिली. जाताना सांगून गेली, मार्चमध्येही असंच दिसलं तर टॅब उचलावे लागतील.

हे मी नायकांना सांगितलं, आणि तिथेच चुकलो. धरमसिंगांनी मिशी चोळली.

"सोपं हाये मास्तर. पिवळ्या पोट्ट्याईले म्हनावं, चुकवा."

"नायक, हे बरोबर नाही."

"तुमी आता बरोबराच्या गोष्टी करून राह्यले? इतके महिने तोंडात मूग धरून होते ना?"

मी उठून आलो. कोणाला काय सांगायचं ते हिरीबाईनं ठरवलं. ते मला पुढे कळलं.

मार्चमधली परीक्षा. वर्गाच्या कोपऱ्यात मॅडम, समोर एकेक पोर. मी बाहेर हजेरीपत्रक उघडून बसलो आणि एकाच ओळीवर चार वेळा बोट फिरवलं. निळे झाले, सरासरी पंधरा. मग पिवळे सुरू झाले. हेमला नावाचा पोरगा आत गेला आणि शून्य घेऊन बाहेर आला. दुसरा शून्य. तिसरा शून्य. पोरं मात्र मोठी कामगिरी केल्यासारखी छाती काढून बाहेर येत होती. शेवटी मंजू गेली. हिरीबाई तिला सोडायला आलेली, दारातच थांबली.

"सात आणि पाच?"

"तेरा."

"नऊतून चार गेले?"

"सहा."

"आठ आणि आठ?"

मंजूनं बोटं मोजली नाहीत, वर पाहिलं नाही. "सतरा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आधीच्या अकरा पोरांचे कागद चाळले. मग मला आत बोलावलं.

"सर, बारा पोरं. प्रत्येकाचं प्रत्येक उत्तर एकनं जास्त. नेमकं एकनं. यांना गणित येत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी हिरीबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट थोडा राग होता.

"मंग काय करू? मनाला येईल तसं चुकवा म्हनलं असतं तं कोनी थोडं चुकलं असतं, कोनी लई. घरी येऊन भांडले असते. म्हनलं, सगळ्याईनं येकच वाढवून सांगा. सारखं."

चुकीचेही तिनं वाटे पाडले होते.

मॅडम खळखळून हसल्या, मग एकदम थांबल्या. मंजूला जवळ घेऊन म्हणाल्या, "आता खरं सांग. सात आणि पाच?"

मंजूनं दाराकडे पाहिलं. आपलं राहणं-जाणं या टॅबला बांधलेलं आहे, हे त्या सहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं. तांड्यात अशा गोष्टी पोरांपासून कोणी लपवत नाही.

"याडी, खरं सांगू?"

हिरीबाईनं पदर खांद्यावर ओढला. "सांग. तुले येत नाही असं कोनी लिहून नेऊ नये."

"बारा," मंजू म्हणाली. मग न विचारताच, "पाच. सोळा."

त्या दुपारी मी सगळं सांगितलं: चार्जिंग, अगरबत्ती, माझी सही. मॅडमनी लिहून घेतलं. आमची शाळा मोजणीतून बाद झाली आणि एप्रिलमध्ये टॅब गेले. पण शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, ते मला वाचून दाखवलं. अर्धी पोरं वापरतील आणि अर्धी पाहत बसतील, असं या गावांत होणार नाही. पुढच्या वेळी चिठ्ठी पोरापोरांत टाकू नका, शाळाशाळांत टाका. एका शाळेत सगळ्यांना, दुसरीत कोणालाच नाही.

संस्थेला ते पटलं. नव्या चिठ्ठ्या दिवाळीनंतरच्या गुरुवारी निघायच्या ठरल्या, चाळीस शाळांच्या. विसांना टॅब मिळणार. आमचं नाव त्यात आहे.

ऊसतोडीचा ट्रक मात्र मंगळवारीच आला. मी शाळेच्या दारातून पाहत होतो. भांडी, गोधड्या, कोयते, बकरी, पोरं. राजपालनं मंजूचं गाठोडं वर टाकलं. हिरीबाईनं ते खाली ओढलं. त्यानं परत टाकलं. ती काहीतरी बोलत होती, तो हात हलवत होता, मुकादम हॉर्न वाजवत होता. मला ते पाहवेना. मी आत येऊन हजेरी घ्यायला लागलो.

पहिली-दुसरीची वर्गात बसलेली पोरं मोजली. "दहा उरले," मी मोठ्यानं म्हणालो, स्वतःशीच.

"अकरा," दारातून आवाज आला.

मंजू उभी होती, गाठोडं छातीशी धरून. धावत आली असावी, तोंडावर धूळ होती. ट्रकचा आवाज पोहरादेवीच्या रस्त्याला लागला होता.

"एक वाढवून सांगू नकोस," मी म्हटलं. "ती परीक्षा संपली."

"वाढवून नाई सर. तुमी मले धरलंच नाई."

मी तिच्या नावापुढे हजर लिहिलं.

"बापानं ठेवलं तुले?"

"गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. "चिठ्ठी नाही निघाली तं याडी सोता पोचवून देनार हाये. सर, आज मंगळवार ना? म्हंजे दोन दिवस."

तिनं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, पण गाठ सोडली नाही.