वॅडलोमालकांची दुनळी

एनॉक पार्डोने दुनळी बंदूक हातात घेतली आणि ती कुणाची हे विचारायची गरज उरली नाही. तिचा दस्ता त्यानेच घडवला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, बर्मिंगहॅमच्या याच गल्लीत, याच खिडकीखाली. अक्रोडाच्या लाकडातली काळी रेघ कुठल्या बाजूला घ्यायची यावरून त्याचं आणि अँब्रोज वॅडलोंचं तासभर वाजलं होतं.

"तुम्ही वॅडलोमालकांची मुलगी," तो म्हणाला.

"लेटिशिया." समोरच्या तिशीतल्या बाईने हातमोजे काढले. "बाबा मार्चमध्ये गेले. पार्डोकाका, दस्ता मला लांब पडतो. इंचभर कापून द्याल?"

"कबुतरं मारणार?"

"नाही हो. मातीच्या चकत्या. यंत्रातून उडवतात. आमच्या क्लबात आता जिवंत पाखरू सोडत नाहीत."

ही बंदूक रानात मिरवायची नव्हतीच. पिंजऱ्याचं दार पडलं की उसळणारं कबुतर कुंपणाच्या आत पाडायचं, एवढ्या एका कामासाठी ती जड आणि लांब नळ्यांची केलेली. त्याने दस्त्यामागची पट्टी उतरवली. आत बोटभर जाडीची दोन भोकं होती.

"कीड लागली की काय?"

"कीड नव्हे, पोरी. ते माझं काम."

मग त्याने सांगितलं. लंडनला चांदीच्या कपासाठी कबुतरं पाडायची शर्यत होती. साडेसात पौंडांहून जास्त वजनाची बंदूक चालायची नाही. इथल्या तराजूत ती बरोबर भरलेली, तिथल्या तराजूत औंसभर जास्त निघाली. एनॉकने शेजारच्या दारूगुत्त्यातून पिंपं टोचायचं गिरमिट मागून आणलं आणि गवतावर गुडघे टेकून दस्ता पोखरला. वजन उतरलं. वॅडलोंनी एकोणीस कबुतरं ओळीने पाडली. विसावं छर्रे लागूनही उडत राहिलं आणि मेलं ते कुंपणाच्या वीतभर पलीकडे. कप दुसऱ्याला गेला.

"मागून लाकूड काढल्यावर बंदूक पुढून जड होणारच, नेम ढळणारच. परतीच्या गाडीत मालकांनी डुकराचं मांस भरून भाजलेली पेस्ट्री मोडली, मोठा तुकडा मला दिला. बोलले काहीच नाहीत. भोकं बुजवून देतो म्हणालो, पण त्यांनी बंदूक परत आणलीच नाही. रागावले असतील."

"रागावले? दर नाताळात जेवताना त्या दिवसाची नक्कल करायचे. उंच टोप्या घातलेले बडे लोक तुमच्याभोवती उभे, आणि तुम्ही एका उमरावाला म्हणालात, 'साहेब, उजेड सोडा जरा.' हसून हसून बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं."

"मग शर्यती का सोडल्या?"

"उजव्या डोळ्यावर पडदा येत होता. आईलाही पत्ता नव्हता. मला सांगितलं ते शेवटच्या दुखण्यात. त्या दिवशी शेवटची चार-पाच कबुतरं त्यांनी नुसत्या फडफडाटावर मारली होती."

एनॉकने चष्मा काढून एप्रनला पुसला, पुन्हा घातला, आणि उगाचच करवतीची धार पाहिली. इतकी वर्षं तो वॅडलोंच्या घरावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायचा.

"वेडा माणूस," तो हळूच म्हणाला. "मला सांगितलं असतं तर डाव्या डोळ्याला जमेल असा वाकडा दस्ता करून दिला असता."

दस्ता कापायला त्याने दोन दिवस लावले.

शनिवारी लेटिशिया त्याला मैदानावर घेऊन गेली. ना टोपल्यांतल्या कबुतरांचं घुमणं, ना गवतावर पिसं. चकत्या फुटत होत्या, काळा चुरा पडत होता. एनॉकला तो जुना गलबला आठवला. तरी लेटिशियाने बंदूक पुढे केली तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यांची मापं घेतलेल्या माणसाने पहिल्यांदाच मैदानात बंदूक स्वतःच्या खांद्याला लावली, दोन्ही बार उडवले, आणि चकती न फुटता कुंपणापलीकडे जाऊन पडली.

"कबुतर असतं तर पाडलं असतं," तो म्हणाला.

"हो, काका," लेटिशिया हसून म्हणाली आणि तिने आणखी दोन काडतुसं त्याच्या हातावर ठेवली.